सात छावण्या आणि साठ दिवस : नेपाळच्या शांतता कराराच्या अंमलबजावणीचे प्रकरण

२१ नोव्हेंबर २००६ रोजी काठमांडूत नेपाळचे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी पक्षाचे अध्यक्ष पुष्पकमल दाहाल ऊर्फ प्रचंड यांनी दहा वर्षांचे यादवी युद्ध संपवणाऱ्या सर्वंकष शांतता करारावर सह्या केल्या. त्या करारातली दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली, की पुढच्या अठरा-एकोणीस वर्षांत काय घडले आणि काय घडले नाही याचा बराचसा उलगडा होतो.

पहिले कलम शस्त्रांचे आहे. माओवादी सैनिकांनी ठरलेल्या छावण्यांत राहावे. छावणीच्या पहाऱ्यापुरत्या बंदुका सोडून बाकीची शस्त्रे आणि दारूगोळा बंद करून ठेवावा. त्याला एकच कुलूप असावे आणि किल्ली त्याच पक्षाकडे राहावी. मात्र कुलपाला भोंगा आणि नोंद ठेवणारे यंत्र जोडलेले असावे आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी त्या पक्षाच्या माणसांसमक्ष तपासणी करावी, अशी त्यातली व्यवस्था आहे. दुसरे कलम माणसांचे आहे. संघर्षाच्या काळात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता केल्या गेलेल्या व्यक्तींची खरी नावे आणि पत्ते दोन्ही बाजूंनी करारानंतर साठ दिवसांच्या आत जाहीर करावेत आणि त्यांच्या घरच्यांना कळवावेत, असे ते सांगते.

ते साठ दिवस २० जानेवारी २००७ रोजी संपले. तोवर शस्त्रांची नोंदणी सुरू झालेली होती. नावांची यादी मात्र त्या दिवशी आली नाही, आणि करारात लिहिलेल्या अर्थाने ती आजही आलेली नाही. एकाच कागदावरच्या, त्याच दोन सह्यांखालच्या दोन वचनांपैकी एक पाळले जाते आणि दुसरे पाळले जात नाही, असे का घडते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

हे प्रकरण सोलापुरात का वाचले

सोलापुरात आमचा एक लहान अभ्यासवर्ग आहे. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आम्ही दोघेतिघे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी काही मुलेमुली आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार असे आम्ही महिन्यातून एकदा जमतो आणि एखादे प्रकरण मुळापासून वाचतो. नेपाळ निवडण्याचे कारण अगदी जवळचे होते. जुळे सोलापुरात मी राहतो त्या सोसायटीत रात्री काठी आपटत आणि शिट्टी वाजवत फिरणारा पहारेकरी पश्चिम नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातला आहे. सगळी सोसायटी त्याला गुरखा म्हणते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो घरोघरी पैसे घ्यायला येतो. अशाच एका संध्याकाळी त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला आणि, "सर, याचं पुढे काय होणार, तुम्ही शिकलेले आहात, जरा बघा ना," असे तो हिंदीत म्हणाला. ती एका तक्रारीची पावती होती. त्याच्या थोरल्या भावाला युद्धाच्या काळात घरातून नेले होते आणि ती तक्रार २०७३ सालच्या विक्रम संवताच्या तारखेने जिल्ह्याच्या गावी नोंदवली गेली होती. आपल्या हिशेबाने ते २०१६ साल. म्हणजे साठ दिवसांची मुदत उलटून नऊ वर्षे झाल्यावर त्या घराला पावती मिळाली होती आणि माहिती तेव्हाही मिळालेली नव्हती.

माझे वडील इथल्या एका गिरणीत जॉबर होते. संप मिटून करार झाला, की साचेखात्यातली माणसे तो कागद त्यांच्याकडे वाचायला आणत. वडील पहिले पान बाजूला ठेवून मागची पाने आधी वाचत. कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि नाही केले तर कोणाकडे जायचे, या तीन गोष्टी सापडल्या नाहीत तर तो करार नसून शुभेच्छापत्र आहे, असे ते म्हणत. नेपाळचा करार मी त्याच सवयीने वाचला आणि वडिलांच्या तीन प्रश्नांना एक चौथा प्रश्न जोडावा लागतो, असे माझे मत झाले. तो प्रश्न पुढे येईल.

युद्ध आणि कराराची वाट

माओवाद्यांचे 'जनयुद्ध' १३ फेब्रुवारी १९९६ रोजी रोल्पा, रुकुम, गोरखा, सिंधुली अशा जिल्ह्यांतल्या हल्ल्यांनी सुरू झाले. १९९० च्या आंदोलनाने नेपाळला बहुपक्षीय लोकशाही मिळाली होती, पण डोंगरी पश्चिमेतल्या गावांत जमीन, जात आणि भाषा यांची जुनी उतरंड तशीच राहिली होती आणि काठमांडूतली सरकारे वर्षा-दोन वर्षांत बदलत होती. १ जून २००१ रोजी राजवाड्यात राजे वीरेंद्र यांच्यासह राजघराण्यातल्या माणसांचे हत्याकांड झाले आणि ज्ञानेंद्र गादीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दांग येथील लष्करी तळावर माओवाद्यांनी हल्ला केला, आणीबाणी लागली आणि तोवर पोलिसांपुरते असलेले युद्ध लष्करापर्यंत गेले. दहा वर्षांत १३,००० हून अधिक माणसे मेल्याचे त्या वेळी सांगितले जात होते. पुढच्या सरकारी मोजणीत हा आकडा १७,००० च्या आसपास गेला.

या काळात दोनदा वाटाघाटी झाल्या, २००१ मध्ये आणि २००३ मध्ये, आणि दोन्ही वेळा त्या फसल्या. दुसऱ्या खेपेला तर बोलणी चालू असताना ऑगस्ट २००३ मध्ये रामेछाप जिल्ह्यातल्या दोरंबा येथे सैनिकांनी ताब्यात घेतलेल्या माओवाद्यांना ठार केले. दोन्ही युद्धबंदींत समान उणीव अशी होती, की कोण काय पाळतो आहे हे बघणारा तिसरा कोणी नव्हता. बंदूक खाली ठेवण्याचा अर्थ दोघांनीही पुढच्या फेरीची तयारी असाच घेतला.

तिसऱ्या वेळी बोलणी जमली, त्यात राजाचा वाटा मोठा होता. १ फेब्रुवारी २००५ रोजी ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हाती घेतली आणि नेत्यांना नजरकैदेत टाकले. संसदीय पक्ष आणि माओवादी हे एकमेकांचे शत्रू होते, पण आता दोघांपुढेही राजा उभा राहिला. माओवाद्यांनाही कळून चुकले होते, की डोंगर हातात असले तरी काठमांडू हातात येत नाही. रुकुममधल्या खारा तळावरचा त्यांचा हल्ला २००५ च्या एप्रिलमध्ये मोठी हानी सोसून फसला होता. २२ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीत सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवसांचे जनआंदोलन झाले, राजाने बरखास्त प्रतिनिधिसभा पुन्हा बोलावली आणि मे महिन्यात त्या सभेने 'शाही नेपाळी सेना' या नावातला 'शाही' शब्दच काढून टाकला. सर्वंकष करार त्यानंतर सहा महिन्यांनी झाला.

कुलूप आणि मोजणी

शस्त्रे आणि सैन्य यांच्या व्यवस्थापनाचा वेगळा करार मुख्य करारामागोमाग झाला. त्यात कैलाली, सुर्खेत, रोल्पा, नवलपरासी, चितवन, सिंधुली आणि इलाम अशा सात ठिकाणी मुख्य छावण्या आणि प्रत्येक छावणीला तीन उपछावण्या ठरल्या. माओवाद्यांनी जितकी शस्त्रे कुलपात ठेवायची तितकीच नेपाळी सेनेनेही ठेवायची आणि सेनेने बराकीत राहायचे, अशी ती समतोल योजना होती. सुरक्षा परिषदेने २३ जानेवारी २००७ रोजी ठराव १७४० करून नेपाळसाठी एक राजकीय मोहीम स्थापन केली. शांतिसेना पाठवली नाही. मोहिमेकडे बंदुका नव्हत्या आणि सक्ती करण्याचा अधिकार नव्हता. निरीक्षक देशात पोहोचायला वेळ लागणार होता, तोवर छावण्यांतल्या शस्त्रांवर लक्ष ठेवायला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यांतून निवृत्त झालेल्या १११ गोरखा सैनिकांचे तात्पुरते पथक उभे केले गेले. ही गोष्ट निघाली तेव्हा आमच्या वर्गातले सुभेदार ताठ बसले. गोरखा पलटणीतले लोक एकमेकांना कसे ओळखतात, गाव आणि पलटण विचारून दोन वाक्यांत नाते कसे लावतात, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. त्यांच्या मते त्या छावण्यांच्या दारात कोणा परदेशी अधिकाऱ्यापेक्षा गावाकडचा पेन्शनर उभा होता, म्हणूनच सुरुवातीचे आठवडे निभावले. मला हे पटते, जरी कोणत्याही अहवालात ते अशा शब्दांत आलेले नसले तरी.

नोंदणीत माओवाद्यांची ३,४७५ शस्त्रे आली. माणसे आली ३२,२५०. या दोन आकड्यांतली तफावत पाहून काठमांडूत संशयाचे वादळ उठले. मग पडताळणी झाली. युद्धबंदीची आचारसंहिता ठरली त्या दिवशी, म्हणजे २५ मे २००६ रोजी, अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्या तारखेआधी भरती झालेली असावी, असे दोन निकष होते. डिसेंबर २००७ मध्ये पडताळणी संपली तेव्हा १९,६०२ जण सैनिक म्हणून ग्राह्य ठरले आणि त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. ४,००८ जण बाद झाले. त्यांतले २,९७३ जण अल्पवयीन होते. बाकीचे हजारो जण पडताळणीला आलेच नाहीत. पुढे २००९ मध्ये एक चित्रफीत उघड झाली. तीत चितवनच्या शक्तिखोर छावणीतल्या भाषणात प्रचंड आपल्याच लोकांना सांगताना दिसतात, की आपले सैनिक खरे सात-आठ हजार होते आणि नोंदणीच्या युक्तीने आपण ते वीस हजार करून घेतले. त्यावर मोठा गदारोळ झाला, पण प्रक्रिया मोडली नाही, आणि माझ्या मते हीच या प्रक्रियेची ताकद होती. आकडा फुगलेला असला तरी तो लिहिलेला होता, त्यावर दोन्ही बाजूंच्या आणि तिसऱ्याच्या सह्या होत्या आणि पुढचे प्रत्येक भांडण त्या आकड्याच्या चौकटीतच होऊ शकत होते.

किल्ली माओवाद्यांकडेच ठेवण्याचा निर्णय अनेकांना कच्चेपणाचा वाटला होता. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, ज्याची बंदूक त्याच्याकडेच किल्ली, तर मग कुलूप कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्या कुलपाने बंदूक अडत नव्हती. ते उघडले की भोंगा वाजणार, यंत्रात वेळ नोंदली जाणार आणि सगळ्या देशाला कळणार, एवढेच त्याचे काम होते. शरणागती पत्करली असे न म्हणता बंदूक खाली ठेवता यावी, यासाठी किल्ली त्यांच्या खिशात होती. शत्रूला किल्ली द्यावी लागली असती, तर करारावर सहीच झाली नसती.

माणसांचे काय करायचे

बंदुका कुलपात गेल्या, पण ज्यांच्या हातांतून त्या काढल्या ती तरुण माणसे छावणीतल्या कुडाच्या आणि पत्र्याच्या खोल्यांत वाट बघत बसली, आणि ही वाट काही महिन्यांची ठरायची होती ती पाच वर्षांवर गेली. करारात सैनिकांच्या 'समायोजन आणि पुनर्वसना'साठी एक विशेष समिती असेल एवढेच लिहिलेले होते. किती जणांना सेनेत घ्यायचे, कोणत्या हुद्द्यावर आणि कोणत्या निकषांवर घ्यायचे, हे लिहिलेले नव्हते. त्या मोकळ्या जागेत राजकारण शिरले. मे २००९ मध्ये पंतप्रधान प्रचंड यांनी सेनाप्रमुख रुक्मांगद कटवाल यांना काढले, राष्ट्रपती रामवरण यादव यांनी त्यांना पदावर राहण्यास सांगितले आणि ४ मे रोजी प्रचंड यांनी राजीनामा दिला. त्यानंतर समायोजनाचा गाडा जवळजवळ थांबला. संयुक्त राष्ट्रांची मोहीमही १५ जानेवारी २०११ रोजी परत गेली, आणि सैनिकांचा प्रश्न तिथेच होता.

१ नोव्हेंबर २०११ च्या सात कलमी समझोत्यात मात्र शेवटी आकडे आले. सेनेत जास्तीत जास्त ६,५०० जण, तेही जंगल संरक्षण, आपत्ती निवारण, विकासकाम अशा जबाबदाऱ्यांसाठीच्या वेगळ्या महासंचालनालयात, आणि ज्यांना निवृत्ती हवी त्यांना हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये, असे ठरले. आकडे येताच काम पुढे सरकले. पहिल्या वर्गवारीत ९,००० हून अधिक जणांनी सेनेत जाण्याची इच्छा दाखवली होती, पण काही महिन्यांत छावण्यांतच कमांडर आणि साधे सैनिक यांच्यात तेढ वाढली, वय आणि शिक्षण यांच्या अटी कळल्या आणि बहुतेकांचा विचार बदलला. १० एप्रिल २०१२ रोजी सरकारने नेपाळी सेनेला छावण्यांत पाठवले आणि सेनेने शस्त्रांचा आणि छावण्यांचा ताबा घेतला. ज्या सेनेशी दहा वर्षे लढले तिच्याच हाती पेट्या गेल्या, आणि गोळी सुटली नाही. अखेरीस सेनेत गेले १,४२२ जण, धनादेश घेऊन घरी गेले १५,००० हून अधिक, आणि शिक्षण वा व्यवसायाच्या पुनर्वसन योजनेला होकार देणारे फक्त ६ जण निघाले.

हा सहाचा आकडा आमच्या वर्गात बराच वेळ चर्चेत राहिला. कागदावर पुनर्वसन ही सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाट होती. पण पाच वर्षे आश्वासनांवर जगलेल्या माणसाला रोख रक्कम आणि प्रशिक्षणाचे वचन यांतून निवड करायला सांगितले, तर तो रोख रक्कम घेईल. त्या निवडीला अविचार म्हणणे अन्यायाचे होईल. स्त्री सैनिकांची अडचण वेगळी होती. छावणीत आंतरजातीय लग्ने झाली होती, कडेवर मुले होती, आणि गावाला जी सून नको होती ती बंदूक खांद्यावरून उतरली म्हणून हवीशी होणार नव्हती. सर्वांत कडू वाटा बाद झालेल्या ४,००८ जणांच्या पदरी आला. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना छावण्यांतून निरोप दिला गेला तेव्हा कागदोपत्री ते 'अयोग्य' ठरले होते. नेपाळीतला हा शब्द आणि मराठीतला हा शब्द एकच आहे. तेरा-चौदाव्या वर्षी युद्धात ओढले गेलेल्या मुलाला, तू लहान होतास म्हणून अयोग्य, असे सांगून घरी पाठवणे म्हणजे त्याच्यावरच्या अन्यायालाच त्याचा दोष ठरवणे होय. या मुलांनी पुढे कित्येक वर्षे त्या एका शब्दाविरुद्ध मोर्चे काढले, आणि त्यांची मागणी पैशाइतकीच तो शब्द पुसण्याची होती.

संविधान

राजकीय संक्रमणाचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो सर्वपरिचित आहे. जानेवारी २००७ मध्ये अंतरिम संविधान आले आणि माओवादी संसदेत बसले. संविधान सभेची निवडणूक दोनदा पुढे ढकलून १० एप्रिल २००८ रोजी झाली. ६०१ जणांच्या त्या सभेत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले आणि १९७ स्त्रिया सभासद झाल्या. २८ मे २००८ रोजी सभेने राजेशाही संपवून प्रजासत्ताक जाहीर केले आणि दोनच आठवड्यांत ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाड्यातून बाहेर पडले. संविधान मात्र बनले नाही. चार वेळा मुदतवाढ घेऊन मे २०१२ मध्ये सभा विसर्जित झाली, २०१३ मध्ये दुसरी निवडली गेली, आणि एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे गेल्यावर मोठ्या पक्षांनी घाईने एकत्र येऊन २० सप्टेंबर २०१५ रोजी सात प्रांतांचे संघराज्यीय संविधान जाहीर केले.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. राज्याची पुनर्रचना करू, असे २००६ च्या करारात होते, पण तराईतले, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातले, मधेशी लोक त्या कराराचे सहीदार नव्हते. त्यांनी जानेवारी २००७ मध्येच रस्त्यावर उतरून संघराज्याचे वचन अंतरिम संविधानात घालून घेतले. २०१५ मध्ये प्रांतांच्या सीमांवरून ते पुन्हा उठले, चाळीसहून अधिक माणसे त्यात मेली आणि सीमेवरची वाहतूक महिनोन् महिने अडून काठमांडूत स्वयंपाकाचा गॅस मिळेनासा झाला. सहीदार नसतानाही त्यांचे ऐकावे लागले, कारण देशाचा महामार्ग त्यांच्या अंगणातून जातो.

ज्याचे मोल मला फार वाटते अशी एक गोष्ट स्थानिक स्वराज्यात झाली. २००२ पासून नेपाळच्या गावांत निवडून आलेले कोणी नव्हते, सगळा कारभार नोकरशहा पाहत होते. २०१७ मध्ये ७५३ स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या आणि कायद्याने प्रत्येक वॉर्डात एक स्त्री सदस्य आणि त्याशिवाय एक दलित स्त्री सदस्य यांची जागा राखली गेली. ज्या उतरंडीतून युद्ध पेटले, तिच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या हजारो बायका एका निवडणुकीत गावच्या बैठकीत येऊन बसल्या. युद्धाने मागितलेल्यांपैकी काही थोडे तरी मतपेटीने दिले, ते हे.

साठ दिवसांचे कलम

आता दुसऱ्या कलमाकडे येऊ. बेपत्ता माणसांची संख्या तेराशेच्या वर आहे. ती कशी बेपत्ता झाली हेही अंधारात नाही. काठमांडूच्या महाराजगंज बराकीत २००३ मध्ये कैदेत ठेवलेली ४९ माणसे पुन्हा दिसली नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने करार होण्यापूर्वीच, मे २००६ मध्ये, लिहून ठेवले होते. बर्दिया जिल्ह्याविषयी त्याच कार्यालयाने २००८ मध्ये जी प्रकरणे नोंदवली, त्यांत १५६ माणसे सरकारी दलांनी आणि १४ माणसे माओवाद्यांनी नेलेली होती, आणि त्यांतले बहुसंख्य थारू या आदिवासी समाजाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १ जून २००७ रोजी चौकशी आयोग नेमण्याचा आणि बेपत्ता करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा करण्याचा आदेश दिला. आयोगाचा कायदा २०१४ मध्ये आला आणि त्यातली माफीची तरतूद न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये अमान्य केली. त्याच महिन्यात सत्यशोधन आणि समेटाचा एक आणि बेपत्ता व्यक्तींचा एक असे दोन आयोग नेमले गेले. त्यांच्याकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. मुदती वाढल्या, अध्यक्ष बदलले, खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कायद्याची दुरुस्ती ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. २०२५ मध्ये आयोगांवर नव्या नेमणुका झाल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तरुणांच्या उठावात सरकार पडले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली.

या कलमात मुदत होती. वडिलांच्या तीन प्रश्नांपैकी कोणी आणि कधी, या दोहोंची उत्तरे त्यात होती. तरीही ते पाळले गेले नाही. शस्त्रांच्या कलमात सरकारला माओवाद्यांचे पाळणे हवे होते आणि माओवाद्यांना सरकारचे, कारण एकाला बंदुका आत जायला हव्या होत्या आणि दुसऱ्याला निवडणूक हवी होती. एकाने टाळाटाळ केली की दुसरा ओरडत होता. बेपत्तांच्या कलमात दोघांचीही सोय गप्प राहण्यात होती. सेनेची यादी उघडली असती तर अधिकारी पिंजऱ्यात उभे राहिले असते, आणि माओवाद्यांची उघडली असती तर त्यांचे कमांडर. २००६ पर्यंत समोरासमोर उभे असलेले दोघे या एका बाबतीत एकाच बाजूला आले. म्हणून करार वाचताना विचारायचा चौथा प्रश्न असा, की हे कलम मोडले तर सही करणाऱ्यांपैकी कोणाचे काही बिघडते का? कोणाचेच बिघडत नसेल, तर तिसरा सहीदार हवा होता. घरची माणसे टेबलावर नव्हती, आणि त्यांच्या अंगणातून कोणता महामार्गही जात नव्हता.

त्यांच्या हाती फक्त स्वतःचे शरीर होते. गोरखा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने २००४ मध्ये मारल्या गेलेल्या आपल्या मुलाच्या न्यायासाठी काठमांडूत उपोषण केले. नवरा जवळजवळ अकरा महिन्यांच्या उपोषणानंतर सप्टेंबर २०१४ मध्ये रुग्णालयात मरण पावला. न्याय मिळेपर्यंत अंत्यसंस्कार नाहीत, अशी घरच्यांची भूमिका होती आणि मृतदेह वर्षानुवर्षे शवागारात राहिला. जानेवारी २०२० मध्ये प्रचंड यांनी एका सभेत, युद्धातल्या ५,००० मृत्यूंची जबाबदारी मी घेईन, असे सांगितले. पण जबाबदारी घेणे म्हणजे नावे सांगणे हा अर्थ त्या वाक्याला अजून आलेला नाही.

नाव न कळण्याने घरात काय होते, ते पहारेकऱ्याने मला सांगितले तेव्हा तो शिट्टी हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याच्या भावजयीने गळ्यातली सौभाग्याची मण्यांची माळ आणि भांगातला सिंदूर काढलेला नाही. तिने ते काढावे, असे सासरची काही माणसे म्हणतात, आणि काढले तर नवरा मेला हे तिने स्वतःच्या हाताने ठरवल्यासारखे होईल. मृत्यूचा दाखला नाही म्हणून जमीन भावाच्याच नावावर अडकली आहे. बारा वर्षे कळले नाही तर मेला असे कायद्याने धरता येते, ही वाट तिला कोणी सांगितली होती. ती म्हणाली, तो कागद मी मागायचा, म्हणजे त्याला मीच मारायचे.

आपल्या भागाला हे अनोळखी नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापुरातूनच नळदुर्गाच्या दिशेने निघाली. त्याआधी रझाकारांच्या भयाने सीमेपलीकडच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे या शहरात आली होती, आणि कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी करायला सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशके बंद राहिला. दोन्ही बाजूंच्या घरांत आजही अशी आजी सापडते, जिच्या काकाचे किंवा मामाचे नाव कोणत्याही यादीत नाही. पंचाहत्तर वर्षे उलटली तरी ती आजी ते नाव घेताना आवाज खाली आणते. नेपाळच्या घरांना अजून वेळ आहे, कारण तिथे विचारणारी माणसे जिवंत आहेत, नेणारी माणसेही जिवंत आहेत, आणि बराकींचे दप्तर कुठे ठेवले आहे हे ठाऊक असलेले कारकूनही.

या वर्षी दसऱ्याला, त्याच्या भाषेत दशैंला, तो गावी जाणार आहे आणि मंगलसेन या जिल्ह्याच्या गावी जाऊन तक्रारीची पुन्हा चौकशी करणार आहे. जाण्याआधी त्याने पावतीच्या दोन झेरॉक्स मागितल्या. मूळ कागदावर घडी पडून दर्ता, म्हणजे नोंदणी, क्रमांकाचे मधले दोन आकडे पुसट झाले आहेत आणि झेरॉक्समध्ये ते अजिबात उमटले नाहीत. आम्ही दोघांनी खिडकीच्या उजेडात कागद तिरपा धरून ते वाचले. एक आकडा तीन आहे की आठ, यावर थोडा वेळ गेला. त्याला तीन पाठ होता. मी तो क्रमांक दोन्ही प्रतींवर निळ्या शाईने ठळक लिहिला आणि एक प्रत अभ्यासवर्गाच्या वहीत या प्रकरणाच्या टिपणाशेजारी चिकटवून ठेवली.